जुन्या गिऱ्हाइकाची तक्रार

९ फेब्रुवारी

ताई,

तब्येतपाण्याची चौकशी शेवटी करतो. आधी माझ्यावर झालेला अन्याय ऐक.

आमच्या इमारतीच्या कमिटीने घरांचे नंबर बदलले. मी इथे राहायला आल्यापासून तेरा नंबरचा. आता म्हणे मोजणी फाटकाकडून करायची, म्हणून मी चार झालो आणि माझा तेरा तळमजल्यावरच्या दंतवैद्याला गेला. कारण विचारलं, तर 'सुसूत्रता'. परिणाम असा, की तुझं जानेवारीचं पत्र त्याच्या दवाखान्यात जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात पडून होतं. गाल सुजलेल्या किती जणांनी ते वाचलं कोण जाणे. काल जिन्यात एका अनोळखी बाईंनी मला थांबवून विचारलं, "मामांच्या हाताला आता आराम आहे का?"

मी कमिटीला रीतसर अर्ज दिला. नवा नंबर खुशाल लावा, पण त्याच्याखाली बारीक अक्षरात जुनाही राहू द्या, लोकांची सवय मोडेपर्यंत. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, पाटी विद्रूप दिसेल." माझी पत्रं विद्रूप झाली तर चालतात.

आणि गंमत बघ, याच दिवसांत मी स्वतः एका नामशुद्धी समितीचा अध्यक्ष झालोय. तुला ठाऊक आहे, पोटासाठी मी विमा कंपनीचे हिशेबी प्रोग्रॅम लिहितो आणि मनासाठी 'बोलका' सांभाळतो. टाइप केलेलं मोठ्याने म्हणणारा प्रोग्रॅम. फुकट, कोणीही घ्यावा, आत डोकावावं, हवा तसा बदलावा. वाचा गेल्यापासून मामा ज्या यंत्रातून बोलतात, त्यात तोच आहे. आम्ही सात-आठ जण जगाच्या सात-आठ कोपऱ्यांत बसून त्याची देखभाल करतो आणि उरलेल्या वेळात एकमेकांचा अपमान करतो.

प्रोग्रॅमच्या आत प्रत्येक कामाला नाव लागतं. सुरुवातीला ज्या दोन टवाळांनी बोलका लिहिला, आणि त्यातला एक मी, त्यांनी ओठ, टाळू, घसा, फुफ्फुस अशी नावं ठेवून दिली. तेव्हा हसू आलं होतं. आता नवी मंडळी येतात आणि विचारतात, "फुफ्फुसात हे काय चाललंय?" ते सगळं धुऊन काढायचं ठरलंय.

घाबरू नकोस, मी काही आमच्या इमारतीची कमिटी नाही. नावं दोन प्रकारची असतात. बाहेरच्या नावांनी दुसऱ्यांचे प्रोग्रॅम आम्हाला हाक मारतात: हे वाच, थांब, हळू बोल. त्यांना हात लावायचा नाही, आणि लावलाच तर जुन्या नावाने हाक आली तरी ओ द्यायची. आतली नावं म्हणजे घरातले डबे. कुठल्या डब्यावर काय चिकटवायचं ते घरातले बघतील; पाहुणा परस्पर स्वयंपाकघरात शिरला तर तो त्याच्या जबाबदारीवर. हा नियम मी लिहिला. त्याचं पहिलं वाक्य: 'बाहेरच्या एकाही माणसाचं काम अडता कामा नये.' माझ्या हातून इतकं चांगलं वाक्य पूर्वी झालं नव्हतं.

मामांना नमस्कार. आणि पाकिटावर चार लिही, चार.

तुझा,
पोपट

---

२६ फेब्रुवारी

पोपटराव,

चार, चार, चार. झालं समाधान? लग्न झालं तेव्हा माझं आडनाव बदललं, मोडलं तेव्हा परत बदललं, आणि बँकेने दोन्ही सोडून तिसरंच ठेवलंय. मी त्यावर कोणाला चार पानी पत्र लिहिल्याचं आठवत नाही. दुकानात आज गर्दी नाही म्हणून मागच्या खोलीत काचा घासायच्या मशीनजवळ बसून लिहितेय. चष्म्याच्या दुकानात माणूस एक शिकतो: दिसत नाही असं गिऱ्हाईक म्हणालं, तर आधी त्याचं ऐकायचं, मग काच तपासायची. तुझ्या समितीला सांग.

तुझे मामा, म्हणजे आमचे बाबा, मजेत आहेत, माझा मात्र जीव घेतायत. ते डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतात हे तू पाहिलंयसच. आता त्या वाचाउपचाराच्या बाईंनी यंत्रात काहीतरी कळ फिरवून दिलीय. पूर्वी अख्खं वाक्य लिहून झालं की यंत्र बोलायचं. आता प्रत्येक शब्द झाला की तेवढा बोलतं. म्हणजे जेवायला बसलं की यंत्र म्हणतं, "आज", आणि बाबा पुढचं अक्षर शोधतात. "आज... तुझ्या..." आणि मी चमचा हवेत धरून. बरं, उठताही येत नाही. समोरचा माणूस अर्ध्या वाक्यात असताना ताट घेऊन कसं उठायचं? जेवण गार होतं आणि आमच्या गप्पा चालू राहतात.

परवा शेजारीण आली होती. यंत्र म्हणालं, "तुमची... मुलगी..." आणि थांबलं. ती खुर्चीच्या टोकावर. "फार... हुशार..." तिचा चेहरा खुलला. "आहे..." ती लाजली सुद्धा. बाबा शांतपणे बोट फिरवतायत. "असं... तुम्ही... सांगता."

छापखान्यात उभा जन्म खिळे जुळवले, त्याचा हा परिणाम. एकेक अक्षर उचलायचं आणि सगळ्यांना ताटकळत ठेवायचं. खरं तर तुला हे सांगायला नको. तू लहानपणी 'क' वर अडकायचास तेव्हा आम्ही सगळे तुझं वाक्य पुरं करून मोकळे व्हायचो. पोपट हे नाव त्यातूनच पडलं, आमच्या दुष्टपणातून. बाबा मात्र हातातला कप खाली ठेवून थांबायचे. आई ओरडायची, "अहो, चहा गार होतोय." ते हलायचे नाहीत.

ताई

---

२४ मार्च

ताई,

शेजारणीचा किस्सा वाचून मी इतका हसलो की वरच्या मजल्यावरून कोणीतरी टेबल आपटलं. तुझी परवानगी न विचारता तो आमच्या समितीच्या जाहीर चर्चेच्या पानावर टाकला. लोकांना कळू दे की बोलका नुसता बोलत नाही, टोमणेही मारतो. दूरदूरच्या सभासदांनी दाद दिली. मामांना सांग, ते आता आंतरराष्ट्रीय आहेत.

नामशुद्धी पार पडली. नवी आवृत्ती बाहेर गेली. 'घसा' आता 'ध्वनिपथ-नियंत्रक' आहे आणि 'ओठ' झालाय 'आंशिक-उच्चार-प्रेषक'. वाचून पाणी प्यावंसं वाटतं, पण कोणी हसत तरी नाही. बाहेरचं एकही नाव हललेलं नाही. जगभरात सगळं सुरळीत.

एक सन्माननीय अपवाद. 'जुनं गिऱ्हाईक' असं टोपणनाव घेतलेला कोणी गृहस्थ. त्याची तक्रार अशी: 'ओठ हे नाव आता सापडत नाही. माझं काम त्यावाचून अडतं. जुनं नाव नव्याखाली ठेवता येईल का? एका ओळीचं काम आहे असं कळतं.' मी विचारलं, कसलं काम? उत्तर, दुसऱ्या दिवशी: 'बोलण्याचं.' आता बोलक्याकडून माणूस दुसरं कसलं काम करून घेणार, भांडी घासण्याचं? मी त्याला नियमाचा दुवा पाठवला. त्यावर त्याचं उत्तर: 'नियम वाचला. पहिलं वाक्य चांगलं आहे.' एवढंच. टोमणा होता की कौतुक, कळेना.

शेवटी मी लिहिलं: 'मागच्या दाराने आत येणाऱ्याने दाराचा रंग बदलल्याची तक्रार करू नये.' आणि तक्रार बंद केली. त्या वाक्यावर आमच्या समितीच्या सेक्रेटरीने टाळ्या पाठवल्या. सेक्रेटरी तरुण आहे, हुशार आहे, माझी वाक्यं जपून ठेवतो.

दंतवैद्य मात्र भला निघाला. माझी पत्रं आता स्वतः वर आणून देतो आणि आणताना माझ्या दातांकडे बघतो.

तुझा,
पोपट

---

६ मे

पोपट,

उशीर झाला लिहायला. दुकानात कामाचा ढीग होता, असं लिहिणार होते. तसं काही नव्हतं.

बाबा बोलायचे थांबलेत. म्हणजे 'हो', 'नाही', 'पाणी हवं' ही ठरलेली बटणं दाबतात. त्यापलीकडे काही नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून मी स्वतः दाबून पाहिलं. ठणठणीत म्हणालं, "पाणी हवं." वाक्य लिहून बटण दाबलं तर वाक्यही बोलतं. म्हणजे यंत्र ठीक आहे. बाबाच ठीक नाहीत. कधी लिहायला घेतात, थोडं लिहून झालं की समोर बघतात, आणि सगळं पुसून टाकतात. मग खिडकी.

वाचाउपचाराच्या बाईंची मार्चअखेर बदली झाली. नव्या कोणी आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं असं, मेंदू हळूहळू आवरतं घेतो.

माझ्या पाठचा भाऊ, आपला थोरला, आला होता, राहिला दोन दिवस. जेवताना म्हणाला, "ताई, बाबा संपत चाललेत, तुला दिसत नाही का?" बाबा समोर बसले होते. त्यांनी यंत्र ओढलं आणि लिहायला घेतलं. बराच वेळ लिहीत होते. तेवढ्यात थोरल्याला फोन आला, तो गॅलरीत गेला. मी ताटं उचलली. तो परत आला तेव्हा पडदा कोरा होता.

त्याने एक देखभाल केंद्र बघून ठेवलंय. स्वच्छ आहे, परिचारिका आहेत, बाग आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुला काय वाटतं? तू त्यांचा लाडका. शिवाय तुझ्या यंत्रातलं तुला जास्त कळतं.

ताई

---

१४ मे

ताई,

पत्र वाचून वाईट वाटलं. लगेच लिहायला बसलोय.

यंत्राचं म्हणशील तर ती शंका मनातून काढून टाक. वाक्य बोलतंय, बटणं बोलतायत, म्हणजे बोलका व्यवस्थित आहे. बाहेरचं एकही नाव आम्ही हलवलेलं नाही, याची हमी मी स्वतः देतो. तो नियमच माझा आहे. (दुसऱ्या दोन प्रकल्पांनी तो जसाच्या तसा उचललाय. एकाने खाली माझं नावही घातलंय.)

मामांचं म्हणशील तर डॉक्टर सांगतात ते ऐकावं. माणूस शब्दांचा पसारा कमी कमी करत जातो. आपण त्यात आपलं दुःख घालू नये. थोरला कितीही फोनवर असला तरी याबाबतीत चुकत नाहीये. तू दिवसभर दुकानात, ते एकटे खिडकीशी. बाग असलेली जागा वाईट नाही. सगळ्या नातेवाइकांचं एकमत हवं असेल तर माझं धर.

इकडे एक नवल. दंतवैद्याने आपल्या टपालपेटीशेजारी दुसरी छोटी पेटी लावलीय आणि तिच्यावर लिहिलंय, 'जुने तेरा'. आता माझं एकही पत्र चुकत नाही. मी विचारलं, कमिटीची परवानगी? म्हणाला, "पत्रं तुमची येतात, कमिटीची नाही." कमिटीला जे सुचलं नाही ते दात उपटणाऱ्याला सुचलं.

मामांना माझा नमस्कार सांग, कळत असेल तर.

पोपट

---

२ जुलै

पोपट,

बाबांना गेल्या आठवड्यात नेलं.

तुला खरं सांगायचं तर मी मे मध्ये विचारलं तेव्हा ठरलंच होतं. थोरल्याने जागा राखून ठेवली होती, मीच मान हलवली होती. तुला विचारलं ते उगाच; आणखी एक मान हलली तर माझी हलकी होईल म्हणून. तुझी लगेच हलली. आभार.

निघताना दारातच त्यांनी यंत्र मांडीवर घेतलं. गाडीवाला हॉर्न देत होता. थोरला म्हणाला, "बाबा, तिथे पोचल्यावर निवांत सांगा." चाकाची खुर्ची मीच ढकलली. काय लिहीत होते ते मी वाकून पाहिलं नाही.

त्यांच्या खोलीत शिवणयंत्र ठेवलंय. जेवण आता झटक्यात उरकतं. गरम गरम.

ताई

---

१२ जुलै

चि. पोपट यास,

आशीर्वाद. हे पत्र एका बोटाने चार दिवस लिहितो आहे. इथल्या कचेरीतली मुलगी छापून पाकिटात घालील. तिला वाचू नको म्हटलं आहे. वाचेल.

जुनं गिऱ्हाईक ते मी.

ओठ हे नाव वाचाउपचाराच्या बाईंनी माझ्या यंत्रात घातलं होतं. ते आतलं नाव आहे, कधी जाईल सांगता येत नाही, हे त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. नियमाने तुझं बरोबर आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

ओठ होता तोवर मी एक शब्द लिहिला की यंत्र तो बोले. मग पुढच्या शब्दासाठी लोक थांबत. लोक चांगले म्हणून थांबत असं नाही. अर्धं वाक्य कानात पडलं की माणसाला उठता येत नाही, एवढंच. ओठ गेला. मग मी गप्प बसून लिहू लागलो. गप्प बसलेल्या म्हाताऱ्यासाठी कोणी थांबत नाही. वाक्य पुरं होईपर्यंत विषय गेलेला, माणूस गेलेला. मोकळ्या खुर्चीला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून पुसत गेलो.

तू शेजारणीचा किस्सा पानावर टाकलास तो मी वाचला. लोक हसले. त्याच पानावर खाली माझी तक्रार होती.

मामा म्हणून मागितलं असतं तर तू त्याच दिवशी दिलं असतंस हे मला माहीत आहे. म्हणूनच नाही मागितलं. बाईंकडे माझ्यासारखे आणखी दोघे आहेत, एक शाळेतली मुलगी आणि एक बसचालक. त्यांना मामाचा भाचा नाही. त्यांना मिळतं का ते बघायचं होतं.

तुझं दाराच्या रंगाचं वाक्य चांगलं जमलं आहे. छापखान्यात असतो तर मोठ्या खिळ्यात जुळवलं असतं.

इथे शेजारच्या खाटांना त्रास होतो म्हणून आवाज बंद ठेवायला सांगतात. तेव्हा माझ्यासाठी घाई करू नको. त्या दोघांचं बघ.

ताईवर रागावू नको. ती दमली होती.

मामा

---

१९ जुलै

ताई,

सोबत मामांच्या पत्राची प्रत आहे. आधी ती वाच, मग हे.

वाचलीस? आता पुढचं ऐक, कारण पुढचं विनोदी आहे.

मी त्याच दिवशी समितीला लिहिलं. एक ओळ: 'ओठ' या नावाने हाक आली तर 'आंशिक-उच्चार-प्रेषक'कडे बोट दाखवायचं. दंतवैद्याची पेटी, दुसरं काही नाही. सोबत कारणं दिली, मुलगी आणि बसचालक दिले. मामांचं नाव घातलं नाही; त्यांनी ज्या रांगेत उभं राहून मागितलं त्याच रांगेत मी उभा राहिलो.

सेक्रेटरीने नम्रपणे कळवलं की आतली नावं वापरणाऱ्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर वापरावीत असा नियम आहे. म्हटलं, तो नियम मी लिहिलाय. म्हणाला, हो, म्हणून तर तो इतका स्पष्ट आहे. म्हटलं, त्याचं पहिलं वाक्य वाच. म्हणाला, पहिलं वाक्य प्रस्तावना आहे, नियम दुसऱ्यापासून सुरू होतो. मतदान झालं. माझ्या बाजूने मी. तक्रार बंद करताना त्याने खाली एक वाक्य उद्धृत केलं, लेखकाच्या नावासह. मागच्या दाराने आत येणाऱ्याने वगैरे.

बारा लोकांनी टाळ्या दिल्या. जुनं असलं तरी वाक्य चालतं.

त्या पानावर मी मार्चपासूनचं सगळं पुन्हा वाचलं. तू फेब्रुवारीत मला सगळं लिहिलं होतंस, ताई. शब्द झाला की यंत्र बोलतं, म्हणून उठता येत नाही. मी ते वाचलं, हसलो, आणि जगाला वाचून दाखवलं. 'आंशिक उच्चार' याचा अर्थ काय हे त्या दिवशी पृथ्वीवर माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. नाव मीच ठेवलं होतं. आणि मे मध्ये तू स्पष्ट विचारलंस तर मी तुला हमी दिली.

मामांना घरी आणता येईल का? मी येतो, राहतो, म्हणशील ते करतो.

पोपट

---

२८ जुलै

पोपट,

घर विकायला काढलंय. थोरल्याने कागद केले, माझी सही आहे. मला दुकानाजवळ एक खोली मिळेल. खोली एकच आहे.

तुझं पत्र वाचून आधी मला बरं वाटलं, हे लिहून ठेवते. वाटलं, चला, दोष यंत्राचा. मग बाबांची प्रत दुसऱ्यांदा वाचली. यंत्राने फक्त बोलणं थांबवलं. ताटं मी उचलली. ओठ होता तेव्हा मला उठता येत नव्हतं, आणि तो गेल्यावर मी किती पटकन उठले, ते मला माहीत आहे. त्याला आंशिक-काय-ते नाव नाही.

तेव्हा सगळं आपल्याच अंगावर ओढून घेऊन मोठा होऊ नकोस. लहानपणापासून तुझी ती खोड आहे.

रविवारी गेले होते. आवाज बंद. मी समोर बसले, ते लिहू लागले. मी पडद्याकडे बघत राहिले तर ते थांबले. कोणी एकेक अक्षर बघत असलं की त्यांना जमत नाही. छापखान्यातही खिळे जुळवताना खांद्यावरून डोकावलेलं त्यांना चालत नसे. मग मी खिडकीतून बाग बघत बसले. तुझी ती बाग. दोन कुंड्या आहेत. भेटीची वेळ संपली.

त्या वाचाउपचाराच्या बाईंचा पत्ता तुला लागेल, तो मागे लिहिलाय.

ताई

---

४ ऑगस्ट

जुनं गिऱ्हाईक
यांस,

आपली मार्चमधली तक्रार माझ्याकडून उत्तराविना बंद झाली होती. उत्तर पुढीलप्रमाणे.

आपलं म्हणणं बरोबर होतं. काम एका ओळीचंच होतं.

समितीने ती ओळ बोलक्यात घालायला नकार दिला आहे. समितीचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. नियम चांगल्या भाषेत लिहिलेला आहे. म्हणून ती ओळ मी वेगळी काढून ठेवली आहे, फुकट, कोणीही घ्यावी, आपल्या यंत्रात बोलक्याच्या शेजारी ठेवावी. तिचं नाव 'जुने तेरा'. या नावाचा अर्थ कोणाला लागत नाही. एका दंतवैद्याला लागेल. बोलक्याची प्रत्येक नवी आवृत्ती आली की ती ओळ पुन्हा तपासून जुळवून द्यावी लागेल. ते काम मी घेतलं आहे, समितीबाहेर.

बाईंशी बोलणं झालं. मुलीच्या यंत्रात ओळ बसली. बाई सांगतात, ती वर्गात पुन्हा शिक्षिकेचंच बोलणं मध्ये तोडायला लागली आहे. बसचालकाच्या घरी मात्र उशीर झाला. त्याच्या बायकोने यंत्र कपाटावर ठेवून दिलं होतं आणि ते खाली काढायला तो नको म्हणाला. त्याने मान हलवून नको म्हटलं. बाई पुन्हा जाणार आहेत.

आपल्या यंत्रात ओळ मी स्वतः बसवीन. रविवारी येतो आहे. केंद्राच्या मेट्रनबाईंशी फोनवर बोललो. आवाज खोलीत नको म्हणतात. बाहेरच्या व्हरांड्यात, टोकाच्या बाकावर, चालेल म्हणाल्या. फोनवर मी 'कृपया' या शब्दावर बराच अडकलो. त्या थांबल्या नाहीत, त्यांनी तो शब्द माझ्या वतीने म्हणून टाकला. आपल्याला हसू येईल म्हणून कळवतो.

व्हरांड्यात मी आपल्याकडे किंवा पडद्याकडे बघणार नाही. यंत्र बोलेल तेवढं ऐकेन. पुढचा शब्द मला सुचला तरी तो मी म्हणणार नाही. दुपारी आणि त्यानंतर मला काही काम नाही.

लहानपणी माझ्या एकेका शब्दापायी आपले किती चहा गार झाले, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. येताना चहा घेऊन येतो. थर्मास नाही आणत. साध्या कपांत घेऊ, आणि गार होऊ देऊ.

आपला,
पोपट